पहिली उलटी कुणाला झाली?

संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस आपल्या बायकांच्या हक्काचे. एरवी शेजारणीचं तोंड गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसेल तेवढंच. पण या दिवसांत रोज कुठे ना कुठे हळदीकुंकू असतं, वाण असतं, नि डबीत चार तिळाचे लाडू घेऊनच घरी परतायचं असतं. २०२४ सालच्या संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बीडमधली आमची कॉलनी तशी लहान, पंचवीस-तीस घरांची. बावीस जणी आल्या, त्यांच्याबरोबर पाच मुलं. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या लुटल्या, मटकीची उसळ केली होती, आणि तिळगूळ घरचा, माझ्या हातचा. लाडू हाताला चटके बसत असतानाच वळावे लागतात, हे काय तुम्हाला सांगायला हवं!

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला पहिला फोन आला. मागच्या गल्लीतल्या वहिनींना उलट्या सुरू झाल्या होत्या. "तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना?" त्यांनी विचारलं, आणि मी पटकन "हो" म्हटलं. रविवारी रात्रीपर्यंत आकडा अकरावर गेला. नऊ बायका आणि दोन मुलं. सगळ्यांची तऱ्हा एकच. आधी पोटात ढवळून येतं, मग उलट्यांवर उलट्या, मागून पातळ जुलाब. अंग मोडून येतं, ताप असला तर थोडासा. मंगळवारपर्यंत बहुतेक जणी उठून पोळ्या लाटायला लागल्या होत्या. समोरच्या आजींना मात्र ते सोसलं नाही. पंचाहत्तरी उलटलेली, त्यात बीपीची गोळी. रविवारी संध्याकाळी त्यांची जीभ कोरडी पडली, लघवी होईना, बोलण्यात ताळमेळ राहीना. तीन दिवस दवाखान्यात सलाईन लागलं तेव्हा कुठे माणसात आल्या.

दोष कुणाचा, हे ठरवायला कॉलनीला पाच मिनिटंही लागली नाहीत. टँकरचा! नळाला पाणी रोज येत नाही, हे बीडकरणींना मी काय सांगणार. ड्रम, हौद, पिंप, जे हाताशी असेल ते भरून ठेवायचं आणि कमी पडलं की वर्गणी काढून टँकर बोलवायचा. मंगळवारी टँकर आला होता, शनिवारी उलट्या लागल्या. झालं. टँकरवाल्याला फोनवर काय काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहिण्यासारखं नाही.

सोमवारी आशाताई आणि नर्सबाई आल्या. त्यांनी घरोघरच्या ड्रममधलं पाणी एका छोट्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. याला ओ.टी. टेस्ट म्हणतात. पिवळा रंग आला की समजायचं, पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. म्हणजे पाणी तसं बरं होतं. मग आशाताईंनी वही काढली. नाव, वय, उलट्या की जुलाब, कधीपासून, असं सगळं टिपलं आणि शेवटी सगळ्यांना मिळून विचारलं, "याच्या आधी, म्हणजे मागच्या आठवड्यात, कुणाच्या घरी असं झालं होतं का?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "नाही हो."

आता खरं सांगते. त्याच्या आधीच्या सोमवारी रात्री माझ्या धाकट्याने अंथरुणातच उलटी केली होती. त्याच्या वर्गातली चार मुलं त्या दिवशी गैरहजर होती. मी जुन्या कापडाने सगळं पुसून काढलं, चादर भिजत घातली, हात खळखळून घेतले नि झोपले. बुधवारी पहाटे माझी पाळी आली. दिवसभर बादली जवळ घेऊन पडले होते. गुरुवारी दुपारी वरणभात खाल्ला, बरं वाटलं, आणि शुक्रवार तर तोंडावर आलेला! गुरुवारी रात्रीच बसून मी सव्वाशे लाडू वळले. आशाताईंनी विचारलं तेव्हा हे सगळं मला आठवत होतं. पण पोरांना उलट्या काय, होतच असतात, नि आपण तर बऱ्या झालो होतो, अशी मनाची समजूत घातली. शिवाय समोरच्या आजी दवाखान्यात असताना, "मी आजारी होते आणि मीच लाडू वळले," हे चारचौघींत म्हणायची हिंमत झाली नाही, हेही खरं.

हा विषय तिथेच संपला असता. पण वर्षभराने, २०२५ च्या जानेवारीत, पुण्याच्या बातम्या यायला लागल्या. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड (आपल्या मराठवाड्यातलं नव्हे, पुण्याला लागून असलेलं नांदेड गाव) या भागात गीयां-बारे नावाच्या नसांच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना तर श्वासासाठी यंत्र लागतं. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. आपल्याकडची कितीतरी मुलं शिक्षणाला आणि नोकरीला पुण्याच्या त्याच भागात राहतात, त्यामुळे घरोघरी पेपर बारकाईने वाचला जात होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, म्हणजे एन.आय.व्ही.मध्ये, रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले गेले. त्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जिवाणू सापडले, आणि काही नमुन्यांत नोरोव्हायरस. नसांच्या आजाराशी जवळचं नातं आहे ते कॅम्पायलोबॅक्टरचं. पण माझं लक्ष दुसऱ्या नावावर गेलं. त्याची जी लक्षणं पेपरात दिली होती ती ओळन् ओळ आमच्या कॉलनीची होती.

मग मी जरा हात धुऊन मागे लागले. वाचलं, नात्यातल्या एका डॉक्टर मुलीला छळून छळून विचारलं. जे कळलं ते सांगते.

या विषाणूच्या नावाची गोष्ट एका शाळेपासूनच सुरू होते. अमेरिकेच्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचं गाव आहे. १९६८ च्या ऑक्टोबरात तिथल्या प्राथमिक शाळेतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना नि शिक्षकांना दोन दिवसांत उलट्या लागल्या, आणि मागून घरच्यांनाही. तपासण्या झाल्या, पण एकही जंतू सापडेना. नमुने मात्र जपून ठेवले होते. १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन नावाच्या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले बारीक गोल कण पाहिले. तोच हा विषाणू. गावाच्या नावावरून आधी नॉरवॉक आणि मग नोरो. थंडीतल्या उलट्यांचा आजार म्हणून डॉक्टरांना तो त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत होता, नाव तेवढं नव्हतं.

आज जगात दरवर्षी ६८ कोटींहून अधिक लोकांना हा आजार होतो असा अंदाज आहे. त्यात सुमारे दोन लाख माणसं दगावतात, त्यांपैकी ५० हजारांच्या आसपास लहान मुलं. बहुतेक मृत्यू गरीब देशांत होतात. धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत उठून बसतो म्हणून आपण त्याला किरकोळ समजतो. तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या अंगातलं पाणी मात्र बघता बघता संपतं. आमच्या आजींचं तेच झालं.

त्याचा खरा कावा वेगळाच आहे. कॉलऱ्याचा जंतू पोटात जाऊन आजार व्हायला बहुधा तो पुष्कळ संख्येने जावा लागतो. नोरोचे शंभराहून कमी कणही पुरतात, आणि आजारी माणसाच्या उलटीत नि शौचात ते अगणित असतात. उलटी जोराची झाली की त्याचे बारीक तुषार आजूबाजूला चार हातांवर उडतात. दाराच्या कडीवर, नळाच्या चावीवर, मोबाईलवर तो दिवसच्या दिवस टिकून राहतो. कोमट पाण्याला तो दाद देत नाही, फ्रिजमधल्या थंडीला तर नाहीच नाही. आणि ज्याने माझी झोप उडवली ते असं की, माणूस बरा झाल्यावरही दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, त्याच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो. त्यातही उलट्या थांबल्यानंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट. मी लाडू वळले ते नेमके त्या दोन दिवसांत.

"पण तो नोरोच होता कशावरून?" असं तुम्ही म्हणाल. तपासणी झाली नाही, तेव्हा शपथेवर मी काहीच सांगू शकत नाही. पण इथे मला एक फार उपयोगाची गोष्ट कळली. १९८२ साली अमेरिकेतले कॅप्लन नावाचे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ साथींचा अभ्यास करून चार खुणा सांगितल्या. आजाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना उलट्या होतात. पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला सरासरी २४ ते ४८ तास लागतात. आजार सरासरी १२ ते ६० तास टिकतो. आणि शौचाच्या तपासणीत जिवाणू सापडत नाहीत. चारही जुळल्या की नोरोचा दाट संशय घ्यायचा. आता बघा, चौथी खूण सोडली तर बाकीच्या तिन्ही कुणाला ठाऊक असतात? डॉक्टरांना? छे! ज्या बाईने पोराच्या तोंडापुढे तसराळं धरलं, रात्री किती वाजता उठावं लागलं ते जिच्या लक्षात आहे, आणि त्याने भात मागितला तो दिवस जिला आठवतो, तिला.

मी कॅलेंडर घेऊन बसले. हळदीकुंकू शुक्रवारी संध्याकाळी सहाला. पहिली उलटी शनिवारी रात्री साडेनऊला, म्हणजे साडेसत्तावीस तासांनी. शेवटची रविवारी रात्री. अकराच्या अकरा जणांना उलट्या, जुलाब आठांना. पुढे मंगळवार-बुधवारी त्याच घरांतले आणखी सात जण पडले, नवरे, सासरे, मुलं. त्यांनी घरातूनच उचललं. आणि टँकरचं पाणी तर सगळ्या कॉलनीने वापरलं होतं, पण जी घरं आमच्याकडे आली नव्हती त्यांतल्या एकालाही काही झालं नाही.

तरी मनात कुठेतरी आशा होती, की लाडू नसतील, उसळ असेल, दुसरं काही असेल. ती मागच्या गल्लीतल्या वहिनींनी बोलता बोलता घालवली. त्या शनिवारी सकाळी त्यांचे जावई गेवराईला परत गेले, तेव्हा वहिनींनी आपल्या डबीतले लाडू लेकीसाठी दिले होते. जावई गोड खात नाहीत, ते ठणठणीत राहिले. लेकीने लाडू खाल्ले आणि तिला रविवारी रात्री उलट्या लागल्या. तिने आमच्या टँकरचं पाणी चाखलंही नव्हतं, आमची उसळही नाही.

हे घड्याळ किती महत्त्वाचं आहे, याचं दुसरं टोकही सांगून टाकते. त्याच हिवाळ्यात, २०२४ च्या फेब्रुवारीत, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा गावी सप्ताहात एकादशीच्या भगरीच्या प्रसादानंतर शेकडो लोकांना उलट्या लागल्या. दवाखान्यात जागा पुरली नाही. रस्त्याकडेला दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवलेलं ते चित्र तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. तिथे प्रसाद खाल्ल्यावर काही तासांतच त्रास सुरू झाला होता. इतक्या लवकर उलट्या लागल्या तर संशय अन्नातल्या विषावर जातो. दमट हवेत भगरीला, विशेषतः दळून ठेवलेल्या पिठाला बुरशी लागते. म्हणून भगर सुटी न घेता पाकीटबंद घ्यावी आणि पीठ लागेल तेव्हा लागेल तेवढंच दळावं, असं अन्न व औषध प्रशासन सणावारांच्या आधी सांगत असतं. थोडक्यात, तीन-चार तासांत उलटी झाली तर ताटाकडे बघा, दीड दिवसाने झाली तर हाताकडे. एकाच माणसापुरता हा हिशोब चुकेल, पण दहा जणांचे तास मांडले की तो बरंच काही सांगतो.

आता त्या आशाताईंच्या वहीचं पुढे काय होतं ते ऐका, कारण आपल्या अकरा जणी सरकारदरबारी कुठपर्यंत पोचल्या याची मलाही उत्सुकता होती. २००४ साली केंद्र सरकारने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्र त्यात पहिल्या टप्प्यापासून आहे. त्याचे तीन फॉर्म. गावातली किंवा वस्तीतली आरोग्य सेविका लक्षणं पाहून जो भरते तो 'एस'. डॉक्टर तपासून भरतात तो 'पी'. प्रयोगशाळा भरते तो 'एल'. पूर्वी हे कागद दर आठवड्याला जिल्ह्याला जात, २०२१ पासून देशभर ही माहिती थेट संगणकाच्या पोर्टलवर भरली जाते. एका ठिकाणी एकाएकी आकडा वाढला की जिल्ह्याचं पथक येतं, पाण्याचे नि शौचाचे नमुने घेतं. ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात, तेही याच काळजीपोटी. लाल म्हणजे धोका. तुमच्या माहेरच्या गावाला कोणतं कार्ड आहे, विचारा कधीतरी.

ही सारी यंत्रणा मुळात पाण्यावर नजर ठेवायला शिकलेली आहे, आणि त्यात चूक काहीच नाही. कॉलरा, कावीळ, विषमज्वर यांनी आपल्याकडे जे हाल केले ते पाण्यातूनच. पण म्हणूनच उलट्या-जुलाब म्हटलं की टीसीएल पावडर. शौचाचा नमुना गेलाच तर त्यात बहुधा कॉलऱ्यासारखे जिवाणू शोधतात. ते सापडले नाहीत की कागदावर राहतं 'तीव्र अतिसार', आणि पेपरात येतं 'गॅस्ट्रोची साथ आटोक्यात'. विषाणू ओळखायला पीसीआरची तपासणी लागते. त्यासाठी नमुना पहिल्या दोन-तीन दिवसांत घेऊन बर्फात ठेवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आमच्याकडे सोमवारी पथक आलं तेव्हा निम्म्या जणींच्या उलट्या-जुलाब थांबलेही होते. आणि मूळ आजारी बाई समोर उभी राहून "नाही हो" म्हणत होती.

बघितलं तर सापडतो, याला पुरावा आपल्याच राज्यातला आहे. एन.आय.व्ही.च्या शास्त्रज्ञांनी २००५ नंतरच्या दोन वर्षांत पुणे, नागपूर आणि तेव्हाचं औरंगाबाद या तीन शहरांतल्या दवाखान्यांत जुलाबाने दाखल झालेल्या मुलांचे नमुने तपासले, तर त्यांत नोरोव्हायरस होताच. औरंगाबाद काय लांब आहे का आपल्याला? केरळात २०२१ साली वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या १३ विद्यार्थ्यांना उलट्या-जुलाब झाले. नमुने गेले, नोरोचं नाव निघालं नि बातमी देशभर झाली. आपल्याकडे लोक म्हणाले, केरळात काय एकेक रोग निघतात! अहो, निघतात कारण ते शोधतात.

नाव कळून काय फरक पडतो, असं आमच्या ह्यांनी विचारलं. पडतो, पुष्कळ पडतो. रोटाव्हायरसचं बघा ना. तोही असाच उलट्या-जुलाबाचा विषाणू, खास तान्ह्या मुलांचा. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात रूथ बिशप नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. आपल्या देशात २००५ पासून दवाखान्यांचं जाळं उभारून मोजणी केली, तेव्हा जुलाबाने दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत चाळीसच्या आसपास मुलांना रोटा निघाला. "दात येताहेत, थंडी बाधली," म्हणून आपण ज्याकडे बघत होतो ते हे! हा आकडा हाती होता म्हणून लस देण्याचं ठरलं. २०१६ मध्ये चार राज्यांत सुरुवात झाली, २०१९ मध्ये महाराष्ट्रात आली. आता दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तिचे डोस सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. माझ्या मोठ्याच्या वेळी ती नव्हती. नोरोची लस अजून कुठेच मिळत नाही. मोजणीच धड नसेल तर ती हवी म्हणून कुणी कुणाला पटवायचं?

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे, ती दुसरीकडे फारशी नाही. दिवाळी झाली की लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. कोपीत राहायचं, मिळेल ते पाणी प्यायचं, आज या फडात तर उद्या त्या. या उलट्यांचा हंगाम थंडीचा, आणि नेमके तेच महिने आमची माणसं गावाबाहेर. तिकडे मूल आजारी पडलं तर कोणत्या आशाताईच्या वहीत त्याचं नाव जाणार? मुकादमाची उचल फेडायची असते, बाई उलट्या होत असतानाही मोळ्या बांधते. जी मुलं मागे राहतात ती आजीजवळ नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात. एका खोलीत वीस-पंचवीस मुलं, एक संडास, पाण्याचा एक पिंप नि त्यावर एक पेला. मी अर्धवेळ का होईना शिकवते, म्हणून सांगते. तीन मुलं एका दिवशी "पोट दुखतंय बाई" म्हणाली, तर हजेरीपटावर नुसती गैरहजेरी मांडून भागणार नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवायला हवं. १०७५ हा सरकारचा फुकट फोनही आहे.

बरं, घरात उलट्या सुरू झाल्या तर करायचं काय? डॉक्टर मुलीने सांगितलेलं मी अनुभवातून पडताळून लिहिते. उलटी नुसती पुसू नका. हातात प्लास्टिकची पिशवी नाहीतर मोजे घालून, तोंडाला पदर बांधून, आधी रद्दी पेपरने टिपून घ्या आणि तो पेपर पिशवीत बांधून टाका. मग एक लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा ताजी ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी फरशीवर, आजूबाजूलाही चांगलं दोन-तीन हात, पसरा आणि दहा मिनिटांनी धुऊन काढा. संडासची कडी, नळाची चावी, टमरेल विसरू नका. त्यात संडास धुण्याचं ॲसिड मात्र चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. चादरी वेगळ्या, कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकाव्यात. बीडच्या उन्हाचा एरवी आपल्याला वैताग असतो, इथे ते कामाला येतं. आणि करोनापासून आपण पर्समध्ये ती सॅनिटायझरची बाटली बाळगतो ना, तिच्यावर इथे विसंबू नका. नोरोवर तिचा फारसा जोर चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद चोळून. पाणी आठ दिवसांनी येत असलं तरी यात काटकसर नको. मी एका डब्याला तोटी बसवून घेतली आहे.

औषध म्हणाल तर या आजाराला अँटिबायोटिक लागू पडत नाही, तेव्हा डॉक्टरांकडे "सुई मारा" म्हणून हटून बसू नका. द्यायचं ते पाणी. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धी-अर्धी करून नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सहा महिन्यांवरच्या मुलाला जुलाब असतील तर आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन १४ दिवस पूर्ण द्याव्यात. सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं, किंवा आजारी माणूस तान्हं नाहीतर सत्तरीपुढचं असेल, तर घरगुती उपाय पुरे, सरळ दवाखाना.

आणि उलट्या-जुलाब थांबल्यावर पुरते दोन दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. हे लिहिताना मला हसू येतं. घरात दुसरी बाई नसेल तर? यासाठी नवऱ्याला खिचडी टाकायला शिकवून ठेवणं, याहून दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. आमच्याकडे आता जमते, पाणी जरा जास्त होतं. पण कणीक मळणं, लाडू वळणं, कोशिंबीर कालवणं, अशी हाताची नि पुन्हा शिजायची नसलेली कामं तर त्या दोन दिवसांत नाहीच. मुलाला शाळेतही तितके दिवस पाठवू नये.

पुण्याच्या त्या बातम्यांनंतर महिनाभर मी घोळत होते. शेवटी एका दुपारी समोर गेले. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं, सोमवारच्या चादरीपासून. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं बाई. शुक्रवारी तुझं तोंड उतरलेलं होतं. म्हटलं, ही आजारी असून उभी आहे, आपण कशाला बोला!" म्हणजे त्यांनाही दिसलं होतं, आणि त्याही बोलल्या नव्हत्या.

आशाताईंनाही सांगितलं. त्यांनी मागची वही काढली, ते पान शोधलं, माझ्या नावाची ओळ त्यात नव्हतीच. "आता वरच्या पोर्टलमध्ये काही बदलत नाही ताई," त्या म्हणाल्या, पण पेनाने पानाच्या वर, अकरा नावांच्या आधी, मुलाचं आणि माझं नाव लिहून घेतलं. पुढे वार लिहिले. किती वाजता तेही विचारलं.